हंड्यातला फोन

ये गं, अशी जवळ ये. तिथून नाही, इथं माझ्याजवळ पलंगावर बस, पाय वर घे. मला तुझ्यावर जरा रागवायचंय आणि लांबून रागवायला आता माझा आवाज पुरत नाही.

काल ती खालच्या मजल्यावरची बाई आली होती ना? बिचारी दारातच उभी राहून म्हणाली, "रात्रीचं तेवढं तुमचं वायफाय बंद ठेवाल का, माझं डोकं फार दुखतं." तू तोंडावर गोड बोललीस, हो हो म्हणालीस, आणि दार लावल्यावर भिंतीला टेकून हसलीस. मला नाही आवडलं ते. तू काही वाईट पोरगी नाहीस, मला ठाऊक आहे. पण हसायच्या आधी माणसानं थोडं थांबावं. मी हे सांगते कारण तशाच एका बाईच्या घरात मी माझं अर्धं आयुष्य काढलंय. पुण्याला तुझ्याकडे आल्यापासून तिची आठवण येतच होती, काल तर ती पार समोर येऊन बसली.

आमची घरमालकीण गं ती. जळगावची. सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची, आणि माघारी म्हणायची टेस्टर. वायरमनकडे तो दिवा लागणारा स्क्रू-ड्रायव्हर असतो ना, भिंतीत करंट आहे की नाही ते बघायचा, तो टेस्टर. एकदा आमच्याकडे वायरिंगचं काम निघालं होतं. वायरमन पिशवीत टेस्टर शोधत बसला आणि अक्का उंबऱ्यातूनच म्हणाली, "ती डावी तार गरम शे." निघाली तशीच! वायरमन म्हणाला, "अक्का, तुम्ही असल्यावर टेस्टर कशाला लागतो?" झालं. तेव्हापासून नाव पडलं. पण खरं सांगायचं तर ती चुकायचीही. वीज गेलेली असायची, सगळी गल्ली पंखे हातात घेऊन ओट्यावर बसलेली असायची, आणि ही म्हणायची, "कोनी तरी इस्त्री लायेल शे, माले मुंग्या येतस." हे मी तुला आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे पुढं तू मला खोटी म्हणायला नको.

आम्ही तिच्याकडे खोली बघायला गेलो ती गोष्ट तुझ्या काकांना सांगायला फार आवडायची. तेव्हा घरमालक विचारायचे कोणच्या गावचे, कोण जातीचे, माणसं किती, पाणी किती लागतं. अक्कानं यातलं काही विचारलं नाही. तिनं विचारलं, "मिक्सर आहे का?" नाही म्हटलं. "टीव्ही?" नाही. "रेडिओ विजेवरचा की सेलवरचा?" काका म्हणाले, सेलवरचा. "मग या राहायला." काका रस्त्यात मला म्हणाले, "आपण गरीब आहोत याचा पहिल्यांदाच फायदा झाला बघ."

ती मूळची धुळ्याकडची, साक्रीच्या अंगाची. नवरा लवकर गेला, पदरात एकच लेक. आम्ही राहायला गेलो तेव्हा ती लेक परकर-पोलक्यात होती, दोन वेण्या घालून अंगणात लंगडी घालायची. आमच्याशी अक्का शहरी मराठी बोलायला जायची आणि दोन वाक्यांनंतर तिची अहिराणी सुरू व्हायची. रागावली की तर पहिल्या शब्दापासूनच अहिराणी. मी धरणगावकडची, मला ती घरचीच बोली, त्यामुळे आमचं लवकर जमलं.

तिच्या स्वतःच्या मधल्या खोलीत दिवा नव्हता. होल्डरच काढून टाकला होता तिनं. कंदील लावायची. ज्या भिंतीला पलीकडून मीटर बसवलेलं होतं, त्या भिंतीवर अलीकडून तिनं एक भलीमोठी पितळी परात टांगली होती. मी विचारलं, "अक्का, ही इथं कशाला?" तर म्हणाली, "पितळ बठ्ठं पी टाकस." म्हणजे भिंतीतून जो काही करंट येतो तो परात पिऊन टाकते. आणि दर शनिवारी ती परात चिंचेनं घासून काढायची, म्हणे पिऊन पिऊन काळी पडते. आता पितळ काळं पडणारच ना गं! पण तिला ते सांगायचं कुणी?

कधीपासून होतं हे, असं विचारलं तर तिचं उत्तर ठरलेलं. समोरच्या कडुलिंबाखाली वीज मंडळानं डीपी, म्हणजे विजेची ती मोठी पेटी, बसवली तेव्हापासून. त्याआधी ती ठणठणीत होती. डीपी बसली आणि डोक्यात भणभण सुरू झाली, हातांना मुंग्या, कानाच्या मागं जळजळ, कधी कधी उलटी. डॉक्टरांकडे घेऊन गेलो होतो आम्ही. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. डॉक्टर चांगले होते. ते म्हणाले, "अक्का, तुम्हाला दुखतंय हे खरंय. कशानं दुखतंय ते मात्र मला सांगता येत नाही." दुसरी कुणी असती तर चिडली असती. अक्का बाहेर येऊन मला म्हणाली, "हा डॉक्टर खरं बोलस." आणि त्यानंतर ताप-खोकला काही असलं तरी त्यांच्याकडेच जायची.

पुढं आमच्याकडेही टीव्ही आला. ब्लॅक अँड व्हाईट, शटरचा. मला वाटलं आता अक्का खोली खाली करायला सांगणार. पण तिनं एक दिवस विचार केला आणि म्हणाली, रविवारी सकाळी लावा, मी बाहेर बसेन. सगळी गल्ली आमच्या खोलीत दाटीवाटीनं बसलेली आणि अक्का अंगणाच्या पार टोकाला, टीव्हीकडे पाठ करून, शेंगा फोडत. पण कान इकडेच! मधूनच ओरडायची, "आते कोन रडी राहिनं?" मी आतून सांगायची, राणी रडतेय. "काब्र?" म्हणजे, का? राजानं वनवासात पाठवलं. "मंग रडूच दे तिले, त्या राजाले पहिलेच सांगनं व्हतं." अख्खी खोली हसायची. बघायला बंदी होती, ऐकायला नव्हती. तिनं असा वर्षानुवर्षं पाठमोरं बसून टीव्ही बघितला, आणि तुला सांगते, आमच्यापेक्षा तिलाच सगळी गोष्ट जास्त लक्षात असायची.

आणि तिच्या हातचे मांडे! तू खाल्ले नाहीस, तुला काय कळणार. खापर म्हणजे मातीचं मोठं पसरट भांडं, ते चुलीवर पालथं घालायचं. पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर खेळवत खेळवत एवढा मोठा करायचा की कोपरापर्यंत यायचा, आणि मग एका झटक्यात खापरावर टाकायचा. अक्काचा मांडा रुमालासारखा. आरपार दिसावं असा. लग्नाकार्यात तिला गाडी पाठवून न्यायचे. पण अट एकच, मांडे करायच्या जागी वर ट्यूबलाईट नको, पंखा नको. तिचं म्हणणं, डोक्यावर ट्यूब असली की हातांना मुंग्या येतात आणि मांडा फाटतो. भर वैशाखात, चुलीपुढं, पंखा बंद! बायका घामानं भिजून निघायच्या, पदरानं वारा घ्यायच्या, तोंडानं शिव्या द्यायच्या, पण पंखा लावायची कुणाची हिंमत नव्हती. एकदा एका लग्नात मुलीच्या मामानं शहाणपणा केला आणि पंख्याचं बटण दाबलं. अक्कानं हातातला मांडा तसाच परातीत ठेवला, हात धुतले आणि म्हणाली, "आते मामाच मांडा करतीन." त्या मामाला मग तिच्या पाया पडावं लागलं.

तर अशी ही. विक्षिप्त म्हण, हट्टी म्हण. पण भाडेकरूच्या घरात कुणी आजारी पडलं तर रात्रंदिवस उशाशी बसणारी हीच.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

लेक मोठी झाली, शिकली, लग्न झालं. जावई धुळ्याचा. मुलगा छान, उंच, बोलायला मोकळा. पण नोकरी कुठली मिळाली त्याला? मोबाईलच्या कंपनीत! नव्वद साल उलटून बरीच वर्षं झाली होती, मोबाईल आमच्याकडे नुकते नुकते येत होते. टॉवर उभे करायचे, बघायचे, बिघडले की धावत जायचं, असं त्याचं काम. लग्न ठरलं तेव्हा तो बियाण्याच्या कंपनीत होता. लग्नानंतर नोकरी बदलली. अक्काला कळलं तेव्हा तिनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग एवढंच म्हणाली, "देवले मन्हीच थट्टा सुचनी का?"

लग्नानंतरची पहिली आखाजी आली. अक्षय्य तृतीया गं, पण आमच्या खान्देशात आखाजी म्हणजे माहेरवाशिणींचा सण. लिंबाला झोके बांधायचे, गौराईची गाणी म्हणायची, सासरी गेलेल्या झाडून सगळ्या लेकी माहेरी येतात. पहिल्या आखाजीला तर जावयाचा मानपान. अक्कानं पंधरा दिवस आधी तयारी सुरू केली. आमरस, मांडे, सांजोऱ्या. आणि एक तयारी वेगळीच. जावयाच्या कमरेला मोबाईल असतो हे तिला कळलं होतं. जावयाला तर फोन बाहेर ठेवा असं सांगता येत नाही, अपमान होतो. मग तिनं काय करावं? तिनं आपला लग्नातला पितळी हंडा घासूनपुसून लखलखीत केला. ओसरीत पाट मांडला, पाटाभोवती रांगोळी काढली, पाटावर हंडा ठेवला, हंड्याला हळदीकुंकू लावलं. आत मऊ धोतराची घडी. आणि तोंडाला बांधायला स्वच्छ फडकं, लोणच्याच्या बरणीला बांधतात तसं.

मी म्हटलं, "अक्का, हे काय?"

"जवाईना फोनले जागा. त्याले मान बी भेटी, आनि माले मुंग्या बी येवाव नही. पितळ बठ्ठं पी टाकी."

जावई आला. अक्कानं ओवाळलं, आणि हंड्याकडे बोट दाखवून म्हणाली, "जवाईबापू, तुमना फोन आठे बसाडा." तो गोंधळला, मग हसला. गमतीचाच माणूस. त्यानं अगदी दोन्ही हातांनी फोन हंड्यात ठेवला, नमस्कारसुद्धा केला. लेकीनं फडकं बांधलं. सगळे खूश.

पानं वाढली. जावई पाटावर बसला, अक्का स्वतः वाढायला. ताटात मांडा पडला, वाटीत आमरस. पहिला घास त्यानं तोंडात घातला आणि म्हणाला, "आई, असा मांडा आमच्या धुळ्यात नाही." अक्काचं तोंड असं उजळलं म्हणून सांगू! आणि त्याच वेळी हंडा वाजला.

तुम्हाला आता त्या आवाजाचं काही वाटत नाही. पण तो काळ वेगळा. तो फोन हंड्याच्या पोटात वाजायला लागला आणि नुसता वाजला नाही, थरथरलाही. पितळी हंडा! सगळ्या ओसरीत घणघण, घणघण, जणू देऊळच हादरतंय. अक्काच्या हातातलं आमरसाचं पातेलं खाली आदळलं. तिनं दोन्ही कान झाकले, ओरडली, "बंद करा, बठ्ठं बंद करा!" कुणाला काही कळायच्या आत ती धावली, जावयाच्या ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या उचलला आणि अख्खा तांब्या फडक्यावरून हंड्यात ओतला. चुलीतून जाळ बाहेर आला की बाई काय करते? पाणी ओतते. तसंच केलं तिनं.

हंडा गप्प झाला.

जावई ताटावरून उठला. आमच्याकडे जावई भरल्या ताटावरून उठणं म्हणजे काय, ते तुला कसं सांगू? त्यानं फडकं सोडलं, फोन बाहेर काढला, त्यातून पाणी गळत होतं. कंपनीचा फोन तो, त्याचा स्वतःचा नव्हे. पण आवाज चढवला नाही त्यानं. एवढंच म्हणाला, "आई, मी नको होतो तर तसं सांगायचं. एवढा सोहळा कशाला केला?"

अक्का तोवर परसात जाऊन उलटी करत होती. तिनं ते ऐकलंही नाही. संध्याकाळच्या गाडीनं तो लेकीला घेऊन परत गेला. झोका लिंबाला तसाच बांधलेला राहिला.

त्यानंतर लेक नागपंचमीला आली नाही, दिवाळीला आली नाही. धुळ्याहून येणारं-जाणारं कुणी भेटलं की निरोप मिळायचा. तिची सासू म्हणे सगळ्या नातेवाइकांत सांगत होती, "इहीनबाईनी फोनले पानी पाजं, आते जवाईले काय पाजतीन?" लोक पोट धरून हसायचे. अक्का एकटी असायची तेव्हा लेकीची जुनी खण-पोलकी काढून घड्या घालायची आणि पुन्हा ठेवून द्यायची. मग निरोप आला की लेकीला दिवस गेलेत. आणि पाठोपाठ दुसरा, बाळंतपण आम्ही इकडेच करू. पहिलं बाळंतपण आणि माहेरी नाही! आता अक्काचं जे काही होतं ते सगळं त्या एका गोष्टीत अडकलं. लेक बाळंतपणाला घरी येते की नाही.

तेव्हा ती काय करू लागली, ऐक. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मारवाडी शेठचं कापडाचं दुकान होतं. गल्लीतला पहिला मोबाईल शेठचा. गल्ल्याशेजारी, गजलक्ष्मीच्या फोटोखाली, सगळ्यांना दिसेल असा उभा करून ठेवलेला. अक्का दुपारी जेवण झालं की जाऊन त्यांच्या दुकानाच्या बाकावर बसायला लागली. आधी पार टोकाला, रस्त्याकडे. दुसऱ्या दिवशी जरा आत. मग आणखी जरा. घामाघूम व्हायची, कपाळ दाबून धरायची, ओठ घट्ट मिटलेले. मी सोबत जायची. मी म्हटलं, "अक्का, कशाला हा छळ?" तर म्हणाली, "सवय करी राहिनू. जवाई उना ते मी पळाले नको." जावई आला की मी पळून जायला नको, म्हणून ही सवय. देवाचा नेम करावा तसं तिचं चाललं होतं.

होता होता ती एक दिवस गल्ल्याला टेकून बसली. फोन हाताच्या अंतरावर. चेहरा पांढराफटक, पण बसली. शेठना राहवेना. ते म्हणाले, "अक्का, बरं वाटत नाही का? पाणी देऊ?"

"तुमना फोनमुये डोकं फुटी राहिनं, शेठ. पन बसू द्या."

शेठ खो खो हसायला लागले. "अहो अक्का, हा तर बंद आहे! बंदच असतो! आलेल्या फोनचेही पैसे पडतात, कोण चालू ठेवणार? हा मी दुकानाच्या शोभेला ठेवलाय. महिना झाला, चार्जसुद्धा केला नाही!"

दुकानात गिऱ्हाईक होतं, तेही हसलं. मी अक्काकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, संपलं आता. एवढ्या वर्षांचं तिचं सगळं एका वाक्यात खोटं पडलं. टेस्टर म्हणून हसणाऱ्यांना आता कायमचं खाद्य मिळालं.

अक्का त्या फोनकडे वाकली. बोट लावून बघितलं. मग शेठकडे बघून म्हणाली, "फोन बंद व्हता, शेठ. पन मन्हं डोकं ते चालूच व्हतं ना?"

शेठचं हसू थांबलं. खरंच थांबलं. भला माणूस, त्यानं आतून थंड पाणी मागवलं, स्वतः हातात दिलं. म्हणाला, "चुकलं अक्का. दुखणं ते दुखणंच."

आम्ही घरी आलो. ओट्यावर बसल्यावर म्हणाली, "बठ्ठं फोनमुये नही व्हस, अस्सं दिसस. थोडं मन्ह्या भ्यावामुये बी व्हस." थोडं भीतीनं होतं म्हणे. मी म्हटलं, मग आता दुखणार नाही ना? तर म्हणाली, "दुखी. माले माहीत शे. पन आते मी त्याले वळखस." आता मी त्याला ओळखते. हे कुठल्या डॉक्टरला तरी सुचलं असतं का, सांग.

आणि मग मला म्हणाली, "तूच जाय धुयाले. मन्ही आंडेरले लई ये." धुयाले म्हणजे धुळ्याला, आंडेर म्हणजे लेक.

लेकीला आणायला सासरी जातो तो मुराळी. भाऊ जातो, चुलता जातो. बाई मुराळी म्हणून गेलेली मी तोवर ऐकली नव्हती. पण अक्काला ना भाऊ ना मुलगा. तुझे काका म्हणाले, मी जातो. अक्का नको म्हणाली. "गडीमाणसं मानपानावर बोलतात. ही जेवढं आहे तेवढं बोलेल."

गेले मी एसटीनं. धुळ्यात पोचले तर दारातच विहीणबाई. "काय व माय, हंडा नही लयनी का संगे?" हंडा सोबत आणला नाही का म्हणे! मी म्हटलं, "आणला असता, पण एसटीत कंडक्टर हंड्याचं वेगळं तिकीट मागतो." तेवढ्यानं बाई जरा हसली, आणि आत घेतलं.

जावई कामावरून आला. मला बघून बूट काढत तिथंच बसला. मी म्हटलं, फोनचं नुकसान झालं, चुकलंच. तो म्हणाला, "मावशी, फोनचं जाऊ द्या. कंपनीनं दुसरा दिला. मला फोनचं नाही लागलं. मी मोठ्या हौसेनं गेलो होतो. मला वडील नाहीत. वाटलं होतं, एक घर आणखी मिळालं. आणि त्यांनी माझ्या भाकरीच्या गोष्टीवरच पाणी ओतलं."

मग मी सांगितलं. शेठचं दुकान, बाक, घाम, सगळं. तो बंद फोनचा भागही सांगितला, लपवला नाही. मला वाटलं तो हसेल. हसला नाही. म्हणाला, "रोज बसायच्या?"

"रोज."

"आणि दुखायचं?"

"दुखायचं."

"तरी बसायच्या?"

मी म्हटलं, "तुम्ही आलात की पळायला नको म्हणून."

तो उठून खिडकीशी गेला. पाठमोराच बोलला. "आईंना सांगा, फोन मी घरात आणणार नाही. आणि हंड्यातही नको. कोंडून ठेवला की तो टॉवर शोधायला उलट जास्तच जोर लावतो. बाहेर उघड्यावर ठेवीन. बोलायचं ते रस्त्यावर उभा राहून, थोडक्यात. जेवताना बंद. मुक्कामाला असलो तर रात्रभर बंद, ऑफिसला शेठच्या दुकानाचा साधा नंबर देऊन ठेवीन. मला त्यात काय जड आहे?" मग वळून म्हणाला, "त्यानं त्यांचं दुखणं जाईल का मला माहीत नाही. पण मी ऐकलं एवढं तरी त्यांना कळेल."

विहीणबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "पोर लई जाय, पन तठे पानीनं भांडं लांब ठेवजा!" पोरीला घेऊन जा म्हणे.

लेक आली. सातव्या महिन्यात आली, आणि अक्कानं तिला दारातच इतका वेळ धरून ठेवलं की भाकरतुकडा ओवाळायचाच राहिला. जावई रविवारी यायचा. लिंबाच्या पारावर फोन ठेवून आत यायचा. फोन आला की रस्त्यावर जाऊन बोलायचा, आणि एवढ्या मोठ्यानं की कुठल्या टॉवरचं काय बिघडलंय ते सगळ्या गल्लीला पाठ झालं. अक्का त्याला चहा रस्त्यावर पाठवायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, टेस्टरच्या जावयाला रस्त्यावरचा मान. पण अक्काला चालायचं. त्यालाही चालायचं.

आणि मग तो दिवस. पावसाळा होता. सकाळीच कळा सुरू झाल्या, जवळच्या दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगी झाली. नाजूक, काळ्याभोर केसांची. जावई धुळ्याला कामावर. त्याला कळवायचं कसं? रस्ता खणला होता, केबल तुटलेली, सगळ्या गल्लीचे फोन मुके. मी आणि अक्का शेठच्या दुकानात धावलो, तर त्यांचाही साधा फोन मुका. शेठ म्हणाले, मोबाईल लावतो. त्या दिवशी चार्ज केलेला होता, मी स्वतः त्याचा हिरवा दिवा बघितला. त्यांनी नंबर फिरवला, घंटी गेली, आणि फोन माझ्याकडे पुढं केला.

अक्कानं माझा हात बाजूला सारला. "जवाईले निरोप मी दिसू." मी देणार.

तिनं पदर हातावर घेतला आणि खापर उचलतात तसा फोन पदरात धरला. हात लांब, पार लांब. पलीकडून "हॅलो" आलं असणार, तिला कुठून ऐकू येणार? शेतातल्या माणसाला बांधावरून हाक मारावी तसं तिनं ओरडायला सुरुवात केली. "जवाईबापू! आंडेर झायी! तुमले आंडेर झायी! दोन्ही खुशाल शेत! आते लवकर या!" समोरचं हॉटेल, पानवाला, सगळे रस्त्यावर आले.

शेठ हळूच म्हणाले, "अक्का, ते काही तरी बोलतायत. कानाला लावा."

ती थांबली. तिचं कपाळ घामानं डबडबलं होतं. मग हळूहळू हात जवळ आणला आणि फोन कानाला लावला. चेहरा आक्रसलेला, डोळे मिटलेले. मी तिच्या शेजारी होते, मला त्याचा आवाज ऐकू आला. तो रडत होता आणि म्हणत होता, "आई, मी निघालो. निघालोच. तुम्ही ठेवा फोन आता, तुमचं डोकं दुखेल."

अक्कानं फोन ठेवला नाही. म्हणाली, "दुखू दे. तुमी बोला."

दुखलं गं तिचं डोकं, नंतर चांगलं दुखलं. डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडून होती, जावई आला तेव्हाही. तो तिच्या पायांशी बसून राहिला. ती बरी झाली वगैरे काही नाही. मरेपर्यंत तिच्या मधल्या खोलीत दिवा लागला नाही, आणि मरेपर्यंत जावयाचा फोन त्या घराचा उंबरा ओलांडून आत आला नाही. कोणी कुणाला हरवलं नाही.

आता अक्का नाही. आम्हीही आमचं घर बांधलं, त्याच गल्लीच्या मागं. पण तिची लेक दर आखाजीला येते, माझ्याकडे येते. माहेर म्हणून माझ्याकडे. जावई येतो, नात येते. ती आता कॉलेजला जाते, मांडे शिकायचेच म्हणून हट्ट धरून बसलीय. मी शिकवणार, माझा हात अक्कासारखा नाही, पण तिनंच शिकवलेला आहे. परवाच्या गाडीनं मी जाते. तू आखाजीला जळगावला ये. रजा नाही, काम आहे, असलं काही सांगू नकोस. झोका बांधून ठेवते, आमरस काढून ठेवते. तू ये गं, लवकर ये.